कर नाही त्याला डर कशाला?

फास्टॅग आणि खाजगीपणा हा विषय काढला की कुणीतरी हमखास ही म्हण तोंडावर फेकतं. आपण कुठे गेलो ते सरकारला कळलं तर बिघडलं कुठे? असं म्हणणाऱ्या एका स्नेह्यांकडे मी गेल्या महिन्याचं फास्टॅगचं स्टेटमेंट मागितलं. "तुला कशाला?" म्हणाले.

पुण्याहून कोल्हापूरला निघा. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी... दर नाक्यावर गाडीची वेळेसकट नोंद. गाडी बाबांच्या नावावर असेल तर मेसेज बाबांना! फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे, नसेल तर भुर्दंड.

उत्तर प्रदेशातला खरक सिंग दरोड्याच्या खटल्यात पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांची पाळत सुटेना. गावाबाहेर जायचं तर कुठे चाललो, कधी येणार हे चौकीदाराला सांगावं लागतं, अशी त्याची तक्रार होती. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने पोलिसांचं रात्री घरी येणं बंद केलं. जाण्यायेण्याच्या नोंदींना मात्र हरकत घेतली नाही. कारण काय, तर खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही! हे मत २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मोडीत काढलं. पण खरक सिंगवर निदान संशय तरी होता हो. आज चौकीदार नाक्यानाक्यावर आहे आणि तो सगळ्यांसाठी आहे.

बरं, सरकारकडची माहिती सरकारकडेच राहते म्हणावं, तर तेही नाही. गाड्यांच्या नोंदणीचं 'वाहन' आणि लायसन्सचं 'सारथी', या दोन्हींतली माहिती सरकारने चक्क विकली. २०१९ च्या धोरणात कंपन्यांसाठी वर्षाचा दर होता ३ कोटी. त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत सांगितलं गेलं की ८७ खाजगी कंपन्यांना ही माहिती खुली केली असून ६५ कोटी मिळाले. आपण ती दिली होती आरटीओच्या सक्तीने. विकताना विचारलं कुणी? जून २०२० मध्ये गैरवापराच्या भीतीने धोरण गुंडाळलं. पण एकदा कॉपी झालेली माहिती परत येते होय? २०२३ चा कायदा आहे, पण त्यातून आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची सोय सरकारने करून ठेवली आहे.

चोरीची गाडी सापडते, मान्य. मग त्या गाडीपुरती नोंद ठेवा ना. बाकीच्यांचा टोल कापला, तक्रारीची मुदत संपली, की नोंद पुसा. पोलिसांना हवी तर लेखी कारण द्यावं, आणि गाडीच्या मालकाला नंतर तरी कळवावं.