शरदाचा ऋतुशब्द : चंद्र की कोयता?

१/ जपानी हायकूत नुसता ‘चंद्र’ आला, की तो शरदाचाच समजला जातो. लाल झालेले मेपलचे पान, रातकिडे, आकाशगंगा हीदेखील शरदाचीच चिन्हे. अशा शब्दाला ‘किगो’, म्हणजे ऋतुशब्द, म्हणतात. त्यांच्या कोशाला ‘साइजिकी’.

२/ हे कोश केवळ निसर्गाचे नव्हेत. सण, पिके, शेतीची कामे, खाद्यपदार्थ यांनाही त्यांत स्थान असते. म्हणून ऋतुशब्द हा समाजाच्या स्मृतीचा दस्तऐवज ठरतो.

३/ मराठीत हायकू रुजवला शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. तीन ओळींचा घाट आला, ऋतुशब्दांचा कोश आला नाही. तो उसना आणण्याचे कारणही नाही. बीडच्या माळावर मेपल नाही.

४/ बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ याच नदीच्या परिसराशी जोडलेली आहे. शेत, नदी आणि ऋतू दोन ओळींत मावतात, हे या भूमीला हायकूच्या कित्येक शतके आधी ठाऊक होते.

५/ शेतकऱ्यांचा साइजिकीही तयारच आहे: पावसाची नक्षत्रे. ‘हस्त’ म्हणताच परतीचा पाऊस आणि रब्बी ज्वारीची पेरणी डोळ्यांपुढे येते. शब्द एक, अर्थ अख्ख्या हंगामाचा.

६/ बालाघाटच्या डोंगरावर याच दिवसांत सीताफळ पिकते. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले. आज बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ऋतुशब्द अनादी नसतात, ते घडतात.

७/ बीडच्या शरदाने घडवलेला सर्वांत जड शब्द ‘कोयता’. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. चांदणे तेच असते. घरांना मात्र कुलपे लागतात.

८/ हा शब्द काव्याचा नव्हे, अशी शंका निघेल. पण बाशो (१६४४–१६९४) यांच्या १६८९ च्या प्रवासाचे वर्णन शरदातच संपते, आणि तेही पुन्हा निघण्यापाशी. शरद हा जपानी परंपरेतही वियोगाचा ऋतू आहे.

९/ मग बीडच्या हायकूत कोजागिरीचा चंद्र अवश्य असावा. पण त्याच्या प्रकाशात निघालेल्या गाड्या वगळल्या, तर तो शरद बीडचा राहणार नाही. पुढच्या पिढीला या ऋतूचा इतिहास ज्या शब्दांतून कळायचा, त्यांत ‘कोयता’ असलाच पाहिजे.