मटण सोडले, तर विहिरीला पाणी येईल का?



उपवासकाळात आपण शुक्रवारी मांस वर्ज्य करतो. यंदा माझा पुण्यात शिकणारा भाचा सुटीला आला आणि म्हणाला, "मामा, शुक्रवारीच कशाला? वर्षभर सोडा. मटणामुळे पृथ्वी तापते." घरात हशा झाला. मला मात्र हसून विषय सोडता येईना, कारण त्याच आठवड्यात आमच्या विहिरीने तळ गाठला होता.

पोराच्या म्हणण्यात तथ्य आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन नावाचा वायू तयार होतो व ढेकरांवाटे बाहेर पडतो. तो हवेतील उष्णता धरून ठेवतो. माणसाच्या व्यवहारांतून निघणाऱ्या अशा वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के पशुपालनातून येतात, असा हिशोब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली मांडला. पण तो हिशोब सगळ्या जगाचा आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोहून अधिक मांस लागते. आपल्या देशाची सरासरी त्याच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाही. आमच्या सात माणसांच्या घरात एखाद्या रविवारी किलोभर आले, तर तो सण. शिवाय आपली शेळी बांधावरचा पाला खाते आणि गाय कडब्यावर जगून दूध व शेण देते. तेव्हा पृथ्वी वाचविण्याचा पहिला बोजा या ताटावर टाकणे न्यायाचे नाही.

मग मी म्हटले, आपल्या ताटात पाणी खाणारी वस्तू कोणती? उत्तर चहाच्या कपात सापडले. एक किलो साखरेमागे शेतात दीड-दोन हजार लिटर पाणी लागते. बेळगाव जिल्हा उसासाठी राज्यात अग्रेसर आहे आणि आपल्या विहिरी कशाने खाली गेल्या हे कोणी सांगायला नको. साखर कमी केल्याने प्रकृतीला फायदाच आहे. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. म्हणून मी दोन चमच्यांचा एक चमचा केला.

पण माझ्या एका चमच्याने शेजारच्या रानातला एक सरी ऊस तरी कमी झाला का? नाही झाला. ऊस माझ्या चहासाठी लावलेलाच नसतो. त्याला २००९ पासून केंद्र सरकारचा रास्त व किफायतशीर दर आहे, आणि कारखान्याने बिल १४ दिवसांत द्यावे असा नियम आहे. बिल रखडते, हेलपाटे पडतात, पण बहुधा येते. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला विजेचे बिल नाही. शिवाय आता उसापासून इथेनॉल होते. पेट्रोलमध्ये ते २० टक्के मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला. म्हणजे आपण सर्वांनी उद्या बिनसाखरेचा चहा घेतला, तरी ऊस मोटारींच्या टाकीत जाईल.

याउलट शाळूचे पाहा. त्याला पाणी थोडे लागते, भाकरी मिळते, कडबा मिळतो. सरकार ज्वारीलाही आधारभूत किंमत जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीची ती क्विंटलला ३,६९९ रुपये होती. परंतु सुगीच्या वेळी जवळपास खरेदी केंद्र नसेल, तर तो आकडा कागदावरच राहतो. मी स्वतः एका वर्षी व्यापाऱ्याने सांगितला त्या भावाने माल घातला, कारण मुलीची फी भरायची होती. त्याच साली शेजाऱ्याने उसाच्या बिलावर सोसायटीचे कर्ज फेडले. त्याला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? शहाणा माणूस जे पीक हमखास विकले जाते तेच लावणार.

गिधाडांची गोष्ट आठवा. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. आजारी जनावराला आपण डायक्लोफिनॅक टोचत होतो आणि ते मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. काही जातींतील शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक पक्षी गेले. पाप कोणाचे? गाय वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याचे नव्हे. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध उपलब्ध होते, म्हणून ऱ्हास मंदावला. एकेका गोठ्याने व्रत घेऊन हे झाले नसते.

मग ताटातील संयम व्यर्थ का? तसे मला वाटत नाही. तेलंगणातील जहिराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गावोगावच्या स्त्री-संघांनी पडीक रानात पुन्हा जोंधळा आणला. कर्जाची फेड धान्याने करायची, ते गावातच साठवायचे आणि अडचणीच्या महिन्यांत गरिबांना स्वस्तात द्यायचे, अशी रीत त्यांनी घातली. त्या बाया स्वतः जोंधळा खाणाऱ्या होत्या, म्हणूनच त्यांना हे सुचले. ओडिशात सरकार नाचणी विकत घेऊन शिधावाटपात देऊ लागले, तेव्हा ती पेरणाऱ्यांना धीर आला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दोन्ही बाजू धरल्या आहेत: घरातील लहान सवयींना मोल आहे, पण सामाजिक प्रश्न एकेकट्याच्या चांगुलपणाच्या बेरजेने सुटत नाहीत, त्यासाठी समाजाने एकत्र यावे लागते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. घरात आठवड्यातून चार दिवस तरी भाकरी होऊ द्या. चर्चच्या सणाच्या जेवणातही ती वाढा. ज्यांचा ऊस आहे त्यांनी ठिबक बसवावे व निदान एक एकर शाळूला ठेवावा. आणि पुढच्या ग्रामसभेत सर्वांनी मिळून दोन ठराव मांडावेत: सुगीला ज्वारीचे खरेदी केंद्र उघडावे, आणि तीच ज्वारी शिधापत्रिकेवर द्यावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे, म्हणजे आपण भीक मागत नाही. सह्या गोळा करताना हिंदू, मुसलमान, लिंगायत शेजाऱ्यांना बरोबर घ्या, कारण सगळ्यांच्या विहिरींचे पाणी एकाच जमिनीतून येते.

भाच्याला मी सांगितले, "शुक्रवारचा उपवास मी पाळीन, रविवारचे मटणही खाईन. तू मात्र शिकलेला आहेस, तर या अर्जाचा मसुदा लिहून दे." त्याने त्या रात्रीच तो लिहून दिला. अर्ज माझ्याकडे आहे. रविवारी मिस्सानंतर सह्यांसाठी घेऊन येतो.