आधी पूर्ण बघा, मग हसा

वाईट सिनेमावर हसायला कुणाची परवानगी लागत नाही. पण हसण्याआधी तो बघावा लागतो, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या नावापर्यंत. ही साधी अट आपल्याकडच्या रोस्टवाल्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवली आहे. म्हणून एका जुन्या अमेरिकन एपिसोडबद्दल बोलायचं आहे. त्यात आपण काय शिकायला हवं तेही आहे, आणि काय टाळायला हवं तेही.

कार्यक्रमाचं नाव 'मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००'. १९८८ मध्ये मिनिआपोलिसच्या एका स्थानिक चॅनेलवर तो सुरू झाला. एका माणसाला अंतराळात कोंडून ठेवलंय आणि खलनायक त्याला भंगार सिनेमे बघायला लावतात, एवढीच गोष्ट. सोबतीला दोन रोबो. एकाच्या डोक्याच्या जागी च्युइंगगमच्या गोळ्यांचं मशीन, दुसऱ्याचा जबडा म्हणजे चिरलेली बोलिंग पिन. पडद्याच्या खालच्या कडेला या तिघांच्या सावल्या दिसतात आणि सिनेमा चालू असताना ते टोमणे मारत राहतात.

३० जानेवारी १९९३ च्या एपिसोडमध्ये त्यांच्यासमोर येतो 'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट'. पण त्याआधी एक छोटी फिल्म लागते, 'हायर्ड'चा दुसरा भाग. शेवरोले कंपनीने आपल्या सेल्समन मंडळींना वळण लावायला बनवलेला हा प्रचारपट. नव्या पोरांना कसं घडवायचं, यावर त्यात एक म्हातारा डोक्यावर रुमाल टाकून, व्हरांड्यात बसून उपदेश करतो. वाळूजमध्ये नोकरी केलेल्याला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. कंपनीत लागल्यावर पहिल्याच दिवशी एसी हॉलमध्ये बसवून 'आपण सगळे एक कुटुंब' छापाचा व्हिडिओ दाखवतात, त्याचाच हा आजोबा. अशा फिल्मवर हसणं म्हणजे साहेबाच्या भाषणावर मागच्या बाकावरून हसणं. ते हसू न्यायाचं असतं, कारण समोर पैसा आहे, पद आहे आणि ऐकून घ्यायची सक्ती आहे.

मग 'मॅनोस' सुरू होतो आणि तराजू उलटा होतो.

हा सिनेमा १९६६ मध्ये टेक्ससच्या एल पासो गावात हॅरल्ड वॉरन नावाच्या माणसाने बनवला. तो खत विकायचा. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक, सगळं तोच. खर्च साधारण १९ हजार डॉलर. कॅमेरा असा, की एका वेळी ३२ सेकंदांच्या वर शॉट घेता येत नव्हता. आवाज नंतर मोजक्या लोकांनी भरला, लहान मुलीलासुद्धा मोठ्या बाईचा आवाज. रात्रीच्या दृश्यांत दिव्यांवर पाखरं झेपावताना दिसतात. गाडी बराच वेळ नुसती चालतच राहते. सिनेमा वाईट आहे, यात वाद नाही.

एपिसोडची ताकद ही, की जोएल हॉजसन आणि त्याचे रोबो यातली एकही रटाळ मिनिटं वाटणारी जागा डोळे मिटून जाऊ देत नाहीत. त्यांना थकवा येतो, रडू येतं. सिनेमा पाठवणारे खलनायकसुद्धा शेवटी ओशाळून माफी मागतात. टोमणा बसतो, कारण तो लक्ष देऊन पाहिल्यावरच सुचलेला असतो. कुणाकडे इतकं टक लावून बघणं, हासुद्धा एक प्रकारचा मानच.

पण एक जागा खटकते. तोर्गो नावाच्या नोकराच्या अडखळत चालण्यावर एपिसोड फार हसतो. ते काम करणारा जॉन रेनॉल्ड्स सिनेमा लागायच्या महिनाभर आधीच वारला होता. कलाकारांना पैसे मिळाले नव्हते, पुढच्या नफ्यातला वाटा तेवढा कबूल केलेला. शेवरोलेच्या म्हाताऱ्याला आणि या फुकट राबलेल्या पोराला एकाच काठीने झोडणं, ही या एपिसोडची चूक. हसणाऱ्याने खिसा बघायला हवा. समोरच्याचा आणि आपलाही.

आता आपल्याकडे या. २०१४ ला सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'ने मराठी घराघरांत सिनेमाची नक्कल नेली, हे खरं. पण तिथे समोर सिनेमाची टीम बसलेली, तीही प्रमोशनला आलेली. पाहुण्याला 'तुमचा सिनेमा टुकार आहे' कोण म्हणणार? तिथे गुदगुल्या होतात, चिमटा नाही. मग आपला सगळा कडवटपणा निघतो कुणावर? रांजणगावच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, सेकंड शिफ्ट करून आल्यावर डायलॉगवर ओठ हलवणाऱ्या पोराच्या रीलवर. सात सेकंद उचलायचे, वर आपला हसरा चेहरा डकवायचा, झाला रोस्ट. त्याचं उच्चारण, त्याचा शर्ट, मागची दोरीवरची चड्डी, हाच विनोद. कोट्यवधी खर्चून तीच कथा चौथ्यांदा विकणारा निर्माता मात्र निवांत.

कुणी म्हणेल, गरिबाने बनवलं म्हणून वाईटाला चांगलं म्हणायचं का? अजिबात नाही. वाईट ते वाईटच. फक्त ते का वाईट झालं, हे पाहून बोला. पैसा नसल्यामुळे वाईट आणि लाज नसल्यामुळे वाईट, यात फरक आहे.

हा फरक मालेगावला केव्हाच कळलाय. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. डाकूंकडे घोडे नाहीत, मग सायकली. त्यांनी गरिबी लपवली नाही, तिचाच विनोद केला आणि चिमटा काढला मुंबईच्या भव्यपणाला. खालून वर फेकलेला दगड होता तो.

तेव्हा रोस्ट जरूर करा. आपल्या भाषेला त्याची गरज आहे, कारण कौतुकाच्या साखरेने तिचे दात किडलेत. फक्त दोन प्रश्न स्वतःला विचारा : मी हे पूर्ण पाहिलंय का? आणि मी ज्याच्यावर हसतोय, त्याला उलट उत्तर द्यायला माझ्याइतकाच मोठा माइक आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर तुमच्या व्हिडिओत वाईट सिनेमा एकच आहे, आणि तो तुम्ही बनवलाय.