पडत्या भावात विकू नये

शिकागोहून नातवाचा फोन आला की पहिली पाच मिनिटं आमच्याकडे भाषांची खिचडी शिजते. त्याची आई धारवाडची. तिच्याशी तो कन्नडात बोलतो, बापाशी मराठीत, आणि भांडायचं झालं की दोघांशीही इंग्रजीत. मला तो ‘अज्जी’ म्हणतो. हे सुनेच्या कन्नडातलं ‘अज्जी’ की आमच्या बेळगावी मराठीतलं ‘आज्जी’, याचा निकाल अजून लागलेला नाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या परीने खूश आहेत.

परवा फोन आला तो तणतणतच. ‘अज्जी, आमच्या टीममधला तो नवा मुलगा विकावा की ठेवावा? तू सांग.’

विषय बेसबॉलचा होता. त्यांच्या लाडक्या संघातला एक तरुण खेळाडू. मोठ्या आशेने घेतलेला, पण यंदा त्याच्या बॅटीला चेंडूच लागत नाही. वर्गातली निम्मी मुलं म्हणतात काढा, निम्मी म्हणतात थांबा. मी म्हटलं, ‘बाळा, या बाबतीत माझं मत घेऊ नकोस. मी एकदा चुकलेय.’

‘तू? बेसबॉलमध्ये?’

बेसबॉलमध्ये नाही. पण ते फोनवर सांगता येईना. म्हणून आज तुम्हाला सांगते.

आधी हे विकणं म्हणजे काय ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एक संघ आपला खेळाडू दुसऱ्याला देतो आणि बदल्यात त्यांचा घेतो. त्याला ‘ट्रेड’ म्हणतात. आपल्याकडे आता आयपीएलमध्येही हा प्रकार आलाय. २०२३ साली हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे गेला तो असाच. मी माझ्यापुरतं त्याला ‘साटंलोटं’ असं नाव ठेवलंय. तुमची मुलगी आम्हाला, आमची तुम्हाला. फरक इतकाच, की साटंलोट्यात निदान अक्षता तरी पडतात. इथे सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी बॅग भरायची.

हे ज्ञान मला मिळालं २०१३ च्या उन्हाळ्यात. मी लेकाकडे सहा महिने राहायला गेले होते. दुपारी घरात मी आणि टीव्ही. कन्नड नाही, मराठी नाही, मग बेसबॉल तर बेसबॉल. त्या वर्षी २ जुलैला शिकागो कब्स संघाने बाल्टिमोरकडून जेक एरिएटा नावाचा एक गोलंदाज साटंलोट्यात आणला. गोलंदाज म्हणजे तिथला ‘पिचर’. त्याची किंमत एका आकड्यावर ठरते : नऊ डावांमागे तो सरासरी किती धावा देतो. तीन-साडेतीन म्हणजे चांगला, दोनच्या आत म्हणजे सोनं. एरिएटाचा त्या मोसमातला आकडा होता ७.२३. वय सत्तावीस. बाल्टिमोरने त्याला खालच्या दर्जाच्या संघात पाठवून दिलं होतं. लेक म्हणाला, ‘आई, दुसऱ्याने टाकलेलं भांडं आम्ही उचललंय.’

त्याच आठवड्यात बेळगावहून धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी गडगडला होता. इतके विषय राहिले की पुढच्या वर्षात जाताच येईना. आमच्याकडे त्याला ‘इयर बॅक’ म्हणतात. दहावीपर्यंत पोरगा मराठी शाळेत पहिल्या पाचांत. गणितात तर शंभरात नव्वदच्या खाली कधी आला नव्हता. दीर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही घरात मोठ्या. काय करू सांगा. फी भरत राहू, की काढून दुकानात बसवू?’

समोर टीव्हीवर सामना चालू होता. आवाज बारीक करून मी म्हटलं, ‘भाऊजी, ज्याचं त्यात डोकं नाही त्यात पैसे कशाला घालता? काढा त्याला. दुकान आहे की घरचं.’ दोन मिनिटांत निकाल दिला आणि आवाज परत मोठा केला.

आता शिकागोच्याच दोन गोष्टी ऐका.

पहिली जुनी. १९६४ साली कब्सकडे लू ब्रॉक नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा होता. वाऱ्यासारखा पळायचा, पण फलंदाजी जेमतेम. चेंडू झेलताना रिग्ली फील्डवर त्याला उजवीकडची जागा दिलेली. तिथे दुपारचं ऊन थेट डोळ्यांत. त्यातच तो संघात आला त्या काळात मालकांनी एक प्रयोग चालवला होता. एकच मुख्य प्रशिक्षक न ठेवता आळीपाळीने अनेकांनी संघ चालवायचा. एकाने सांगावं असं मार, दुसऱ्याने सांगावं तसं मार. पोराचं काय होणार? १५ जूनला त्याला सेंट लुईस कार्डिनल्सला देऊन टाकलं आणि बदल्यात अर्नी ब्रोलियो हा नावाजलेला गोलंदाज आणला. आदल्या वर्षी ब्रोलियोने अठरा सामने जिंकले होते. शिकागोत सौदा फायद्याचा वाटला.

सेंट लुईसमध्ये ब्रॉकला नवीन काही शिकवलं नाही. एवढंच सांगितलं, की तुला वाटेल तेव्हा पळ. बेसबॉलमध्ये गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा तळ गाठतात, त्याला तळ चोरणं म्हणतात. ब्रॉक पळाला तो पंधरा वर्षं थांबला नाही. त्याच वर्षी कार्डिनल्स जगज्जेते झाले. त्याने एकूण ९३८ तळ चोरले, त्यातले ११८ एकट्या १९७४ साली, आणि १९८५ मध्ये तो बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. आणि ब्रोलियो? त्याचं कोपर दुखावलेलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. शिकागोसाठी तीन मोसमांत त्याने जिंकले फक्त सात सामने. आजही अमेरिकेत फसलेल्या सौद्याला ‘ब्रॉकच्या बदल्यात ब्रोलियो’ म्हणतात.

दुसरी गोष्ट एरिएटाची. बाल्टिमोरमध्ये त्याला नैसर्गिक पद्धतीने चेंडू टाकू देत नव्हते, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. अंगाला आडवा हात नेऊन फेकायची त्याची सवय होती. ती मोडून त्याला सरळ करायला निघाले होते. शिकागोने म्हटलं, तुझा हात तुझा, टाक तुला येतो तसा. २०१५ साली त्याने बावीस सामने जिंकले, आकडा १.७७, आणि वर्षातल्या सर्वोत्तम गोलंदाजाचा ‘साय यंग’ किताब घेतला. २०१६ मध्ये कब्स जगज्जेते झाले, १९०८ नंतर पहिल्यांदाच. त्या अंतिम मालिकेतले दोन विजय याच्या नावावर. टाकलेलं भांडं चांदीचं निघालं.

म्हणजे एकाच गावाने एकदा हिरा दिला आणि एकदा हिरा घेतला. दोन्ही वेळा देणारा संघ एकच गोष्ट बघत होता, आकडा. आणि घेणारा बघत होता ते वेगळंच : पोराला नेमकं कुठे अडतंय?

तुम्ही म्हणाल, मग कधी कुणाला काढूच नये का? तसं नाही. ब्रॉक शिकागोतच राहिला असता तर तोच ब्रॉक झाला असता, असं छातीठोकपणे कोण सांगेल? कधी कधी मातीच मानवत नाही. रोप उपटून दुसरीकडे लावावं लागतं. खरं म्हणजे आपल्या घरात सून येते तीही उपटून लावलेलीच असते. माझा आक्षेप काढण्याला नाही. विचारपूस न करता काढण्याला आहे. आणि बाजाराचा नियमही तोच सांगतो. बैलबाजारात शहाणा शेतकरी लंगडणारं खोंड घेऊन जात नाही. आधी खूर उचलून बघतो, काटा रुतलाय की हाड मोडलंय. पडत्या भावात विकून घराचं भलं होत नाही, विकत घेणाऱ्याचं होतं.

ठेवायचं ठरवलं तर कसं ठेवावं, याचा धडा टोरांटोच्या ब्लू जेज संघाने दिलाय. रॉय हॅलाडे त्यांचा हुकमी पोरगा. १९९८ साली आपल्या दुसऱ्याच सामन्यात त्याने शेवटचा एक फलंदाज उरेपर्यंत एकही हिट दिली नव्हती. आणि २००० साली त्याचा आकडा झाला १०.६४! बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट आकड्यांत तो गणला जातो. वय तेवीस. २००१ मध्ये संघाने त्याला विकलं नाही, पण लाडावलंही नाही. थेट खाली, डनेडिनला, कोवळ्या पोरांच्या संघात पाठवलं. मॅट्रिक झालेल्या पोराला पुन्हा पाचवीत बसवावं तसं. तिथे मेल क्वीन या जुन्या प्रशिक्षकाने त्याच्या हाताचा कोनच बदलला. वरून येणारा हात थोडा तिरका केला. त्याची बायको पुस्तकाच्या दुकानात जाऊन गोलंदाजाच्या मनाविषयीचं एक पुस्तक घेऊन आली. ते त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. काही महिन्यांत तो परत वर आला. २००३ मध्ये बावीस विजय आणि साय यंग किताब. पुढे २०१० मध्ये तो फिलाडेल्फियाकडून खेळला, तेव्हा त्याने एका सामन्यात सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना तळावर पाऊल ठेवू दिलं नाही. २०१७ साली विमान अपघातात तो गेला. हॉल ऑफ फेमचा मान २०१९ मध्ये त्याच्या माघारी मिळाला.

त्याला सांभाळलं म्हणजे नुसती पाठ थोपटली नाही. चूक शोधली, खाली उतरवलं, शिकवायला माणूस दिला आणि वेळ दिला. माझी सून रागावलेल्या नवऱ्याला नेहमी म्हणते, ‘स्वल्प ताळ्री.’ जरा दम धरा. कन्नडातली ती म्हण तुम्हाला ठाऊक आहेच, ‘ताळिदवनु बाळियानु’, सोसेल तो जगेल. आपण ही म्हण धडपडणाऱ्या पोराला ऐकवतो. ऐकवायला हवी ती त्याच्या घरच्यांना.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत बोचते. ब्रॉकला त्या सौद्याआधी कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. खेळाडू संघाचा, संघ सांगेल तिकडे जायचं. ब्रॉकच्याच संघातला कर्ट फ्लड १९६९ साली फिलाडेल्फियाला दिला गेला, तेव्हा त्याने जायला नकार दिला. माणूस म्हणजे काही विकायची वस्तू नव्हे, असं म्हणत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये तो हरला, पण त्याने वाट पाडली. १९७५ च्या अखेरीला लवादाच्या निकालाने खेळाडूंना करार संपल्यावर मोकळं होता येऊ लागलं. त्याआधीच अनुभवी खेळाडूंना सौदा नाकारायचा हक्कही मिळाला होता : मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झालेली असली तर. तरुण पोराच्या करारात तसं काही खास कलम नसलं, तर त्याला आजही जावंच लागतं.

गेल्या दिवाळीत दुकानाच्या पूजेला मी दिरांकडे गेले होते. पुतण्याच आता दुकान बघतो. खिळे, पत्रे, रंग, नळाचं सामान. चांगलं चालवतो. गिऱ्हाईक मराठीत आलं तर मराठीत, कन्नडात आलं तर कन्नडात, हिशोब सगळा तोंडी. मी सहज म्हटलं, ‘बघ, बरं झालं की नाही तेव्हा काढलं ते?’

तो खिळे तोलत होता. काट्यावरची नजर न काढता म्हणाला, ‘काकू, मला गणित येत होतं. इंग्रजी कळत नव्हतं. वर्गात सर बोलायचे, मी फळ्याकडे बघत बसायचो. कुणाला विचारायची लाज वाटायची. एक वर्ष मिळालं असतं तर जमलं असतं, असं वाटतं. खरं कुणी विचारलंच नाही की मला.’

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पोराचा हात शाबूत होता. भाषा बदलली होती, एवढंच. दोन भाषांच्या घरात आयुष्य काढलेल्या मला, हे सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं. मी विचारलं ते फक्त किती विषय राहिले. आकडा विचारला.

काल नातवाचा परत फोन. ‘अज्जी, सांग ना, विकावा की ठेवावा?’

मी म्हटलं, ‘आधी तीन गोष्टी शोध. त्याला कुठे दुखतंय का? कुणी त्याची मूळची पद्धत बदललीय का? आणि त्याला स्वतःला काय वाटतं, हे कुणी विचारलंय का? त्यानंतर विका म्हण, नाहीतर ठेवा म्हण.’

तो म्हणाला, ‘अज्जी, हे मला कसं कळणार? मी तर फक्त टीव्हीवर बघतो.’

‘तेच तर,’ मी म्हटलं. ‘मीही टीव्हीसमोर बसूनच सांगितलं होतं.’