लघुग्रहांच्या मोहिमा : आक्षेप आणि उत्तर

जे उल्कापाषाण आकाशातून आपण होऊन, विनामूल्य भूमीवर येऊन पडतात, त्यांच्याच जातीची १२१.६ ग्रॅम माती व खडे बेन्नू नामक लघुग्रहावरून आणण्यासाठी अमेरिकेने सात वर्षे आणि एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम वेचावी, ही सरकारी तिजोरीची उधळपट्टी होय, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष वरवर पाहता बिनतोड वाटतो. शिवाय, लघुग्रहांच्या ज्या पट्ट्यातील समस्त पिंडांचे वस्तुमान एकत्र केले तरी चंद्राच्या शेकडा पाच भागांइतकेही भरत नाही, अशा क्षुद्र धोंड्यांची एवढी मातबरी कशाला, असाही त्यांचा सवाल असतो.

उल्कापाषाण फुकट मिळतो हे खरे. परंतु तो निर्भेळ मिळत नाही. वातावरणातून कणखर तेवढेच तगून खाली येतात, आणि आलेल्यांतही पृथ्वीची ओल शिरते. फ्रान्समधील ऑर्गेय येथे १८६४ साली पडलेल्या पाषाणातील सल्फेटाच्या शिरा दीर्घकाळ अंतराळातील पाण्याची साक्ष मानल्या गेल्या. पुढे त्या येथील दमट हवेनेच उत्पन्न केल्याचे निष्पन्न झाले. उलटपक्षी, बेन्नूचे नमुने नायट्रोजनमध्ये जतन केल्यामुळेच त्यांतील ओलाव्याने नष्ट होणारे सोडियम कार्बोनेटाचे क्षार हाती लागले. आणि जीवसृष्टीतील वीस अमिनो आम्लांपैकी चौदा, तसेच डीएनए व आरएनए यांचे पाचही क्षारक त्यांत आढळले, तेव्हा ते मूळचेच आहेत असे निःशंकपणे सांगता आले.

राहिला क्षुद्रतेचा आक्षेप. मोठे ग्रह अंतर्गत उष्णतेने वितळले आणि साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या आपल्या जन्माचे दप्तर त्यांनी स्वतःच जाळून टाकले. बेन्नू किंवा जपानने जेथून २०२० साली नमुने आणले तो रियुगू, हे ज्या पिंडांचे तुकडे आहेत त्यांना मात्र तितकी उष्णता कधी लाभलीच नाही, म्हणून ते दप्तर त्यांच्यापाशी शाबूत राहिले. तेव्हा लहानपण हे त्यांचे न्यून नसून, तीच त्यांची खरी योग्यता आहे.

आणि उपेक्षेने ते निरुपद्रवी होत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील कठीण बेसाल्टात लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडणारा पिंड असाच एक क्षुद्र पाषाण होता. असा पिंड मार्गावरून ढळविता येतो, हे २०२२ साली दुसऱ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फॉस या लघुग्रहावर यान आदळवून, त्याचा प्रदक्षिणाकाल अर्ध्या तासाहून अधिक घटवून सिद्ध झाले; परंतु बेन्नूला स्पर्श करताच नमुने घेणाऱ्या यानाचा बाहू सैल खडीत रुतत गेला, आणि अशा ढिगाला ढकलण्याचा हिशेब अखंड खडकाच्या हिशेबाहून निराळा असतो. म्हणून कार्बनी, खडकाळ, धातुमय अशा प्रत्येक जातीच्या पिंडाकडे यान धाडणे आणि त्याकरिता कायम तरतूद राखणे, हे चैनीचे नव्हे, तर कर्तव्याचे काम आहे.