सेवेसही विद्या हवी

“घरातील कलह मिटविण्यास वडीलधाऱ्यांचे चार शब्द पुरेत, त्यासाठी पदवी कशाला?” असे पुष्कळ पालक विचारतात. आमचे मत निराळे आहे.

मुंबईस १९३६ साली समाजकार्याची टाटांची शाळा निघाली. नागपाड्यात सेवा करणारे मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. केवळ कळवळा पुरेसा नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९७८ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे कोरियात जन्मलेल्या समाजकार्यकर्त्या इन्सू किम बर्ग व त्यांचे पती स्टीव्ह डी शेझर यांनी अल्पकालीन कुटुंबोपचाराचे केंद्र काढले. “दोष कोणाचा?” यापेक्षा “भांडण झाले नाही, त्या दिवशी काय निराळे घडले?” या प्रश्नावर त्यांचा भर असे. प्रश्न साधा खरा. परंतु तो अनेक कुटुंबांच्या दीर्घ निरीक्षणातून हाती आला.

२०१९ च्या महापुरानंतर शिरोळच्या कित्येक घरांत चिंता व कर्ज मागे राहिले. अशा घरी न्यायनिवाडा करणारा नको, नीट ऐकणारा हवा. हे शिक्षण आज कोल्हापुरातही मिळते. म्हणून पालकहो, आपले मूल समाजकार्य शिकू म्हणेल, तर कपाळास आठी घालू नका.