धावणे संपल्यावरची वीस वर्षे

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत रेसकोर्स नाही, कुत्र्यांच्या शर्यतीचे मैदानही नाही. तरी मुंबई-पुण्याच्या घोड्यांचा इतिहास लिहायचा झाला, तर या दोन तालुक्यांना वगळून तो पुरा होणार नाही. मुंबईच्या तबेल्यांतले गवत या भागातून जात होते, आणि घोड्याच्या रक्तापासून तयार होणारे औषध आजही इथल्या दवाखान्यांत येते. मधल्या काळात त्या घोड्याचे काय होते, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. ती पडावी, म्हणून हा लेख.

आधी गवताकडे पाहू. रेल्वे आली तेव्हापासून उत्तर ठाणे जिल्ह्याचे गवत हा मुंबईचा चारा झाला. शहरातल्या म्हशींचे गोठे आणि घोड्यांचे तबेले त्यावर चालत. पावसाळा सरला की वारली माणसे जमीनदाराच्या माळावर विळे घेऊन उतरत. गवत वखारीत जाई, तिथून गठ्ठे बांधून गाडीवर चढे. नफा व्यापारी आणि जमीनदार यांच्यात वाटला जाई, कापणाऱ्याच्या हाती जेमतेम पोटापुरते पडे. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले, आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या पाठबळावर त्यांनी वेठबिगार नाकारली. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी साधी होती : ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार सोबती मारले गेले. १० ऑक्टोबर हा दिवस या भागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. इथून मुंबईला गेलेले किती गवत म्हशीने खाल्ले आणि किती घोड्याने, हा हिशोब आता लागणार नाही. पण मुंबईतल्या जनावरांच्या पोटाचा खर्च कुणाच्या अंगावर पडत होता, ते त्या गोळीबारातून कळते.

आता घोड्याकडे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. स्टर्न्स अँड किटरेज या कंपनीच्या तबेल्यात सुरुवातीला ९०० घोडे होते असे सांगतात. १ ऑगस्ट १९०५ रोजी ही ट्राम बंद झाली, आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. शहराच्या इतिहासात विजेच्या ट्रामचा पहिला दिवस थाटाने येतो. तबेल्यातल्या शेकडो घोड्यांचे पुढे काय झाले, यावर कुणी एक ओळही खर्च करत नाही. यंत्र आले, जनावर सुटले, एवढ्यावर आपण समाधान मानतो. सुटलेले जनावर कुठेतरी जातेच, आणि बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा गरीब मालकाकडे जाते. रेसचा घोडा रायडिंग स्कूलमध्ये, तिथून वरातीत किंवा टांग्याला, टांग्याचा घोडा ओझ्याला, अशी ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर खुराक कमी होतो आणि काम वाढते.

मुंबईला या प्रश्नाची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. १८३२मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांनी मिळून भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. पारशी समाज स्वतःचे आगमन ज्या संजाणला सांगतो, ते तलासरीच्या सीमेपलीकडे लागूनच आहे, आणि त्यांचा पवित्र अग्नी संकटकाळी बोर्डीजवळच्या बारडाच्या डोंगरात सांभाळला गेला अशी परंपरा आहे. कुत्र्यासाठी सरकारशी भांडणारा हा समाज पुढे मुंबईच्या रेसकोर्सचाही मोठा आश्रयदाता झाला, आणि परळचे बाई साखरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयही त्याच समाजाच्या दानातून आले. शर्यत आणि शुश्रूषा दोन्ही एकाच घरात नांदली. पण पांजरापोळ शेवटी दानावर चालते. घोडा पळत असताना त्याच्यावर पैसे कमावणाऱ्याने नंतरचा खर्च द्यावा, हा विचार तिथे नव्हता.

रेसच्या घोड्याचे वय हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. तो दोन वर्षांचा असताना पळायला लागतो. पाच, सहा, फार तर आठ वर्षांचा होईतो त्याची कारकीर्द संपते. कधी पायाची शीर दुखावते, कधी नुसताच वेग कमी पडतो. नीट सांभाळले तर घोडा पंचवीस वर्षे जगतो. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग शर्यतीनंतरच असतो. जन्माच्या वेळी मात्र या प्राण्याइतकी नोंद माणसाचीही होत नाही. भारताचे स्टड बुक पुण्यात ठेवले जाते, आणि जातिवंत रेसच्या घोड्याची वंशावळ थेट सतराव्या-अठराव्या शतकातल्या तीन नरांपर्यंत नेता येते. मग तो शेवटची शर्यत हरतो. प्रजननासाठी ठेवायचा नसेल तर वहीचा त्याच्यातला रस तिथे संपतो.

निवृत्त घोड्यांना एक रस्ता मात्र असा मिळाला, की त्याने देशाचा इतिहास थोडा बदलला. पुण्यात सोली पूनावाला यांनी १९४६मध्ये स्टड फार्म सुरू केला. तिथले निरुपयोगी ठरलेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचे सीरम बनवले जाई. घोडे आपले, मग सीरमही आपण का करू नये, असा विचार सायरस पूनावाला यांनी केला आणि १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. जगातली मोठी लस कंपनी म्हणून आज आपण जिचे कौतुक करतो, तिच्या पायाशी शर्यतीतून बाद झालेले घोडे उभे आहेत. लशीच्या यशोगाथा सांगताना हा तपशील गमतीचा किस्सा म्हणून येतो. तो किस्सा नाही. बाद घोड्याचे काय करायचे, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले ते सर्वांत मोठे उत्तर आहे.

सापाच्या विषावरचे औषधही याच पद्धतीने होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचायचे आणि काही महिने मात्रा वाढवत न्यायची. घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचे, त्यातला पातळ भाग शुद्ध करून कुपीत भरायचा. एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. हे औषध प्रयोगशाळेत घोड्यावाचून बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण दवाखान्यात आज मिळते ते घोड्याचेच.

आणि ते कुणाला लागते? डहाणू-तलासरीत साप चावतो तो भात लावताना, भात कापताना, रात्री जमिनीवर झोपलेले असताना आणि गवत कापताना. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात चालणाऱ्या आयसीएमआरच्या ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राने इथल्या सर्पदंशांचा अभ्यास हाती घेतला, वैद्यकीय अधिकाऱ्यांना उपचाराचे प्रशिक्षण दिले, भगताकडे आधी जाणाऱ्या कुटुंबांशी बोलणे सुरू केले. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात असा अंदाज आहे, आणि २०३०पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे असे केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये जाहीर केले. ज्या गवतासाठी जेठ्या गांगड गेले, त्याच गवतात हात घालणाऱ्या त्यांच्या नातवंडांना वाचवायला घोड्याचे रक्त लागते. म्हणून सीरमसाठी घोडा ठेवणे ही सरसकट क्रूरता आहे, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला मुंबईत घर असावे लागते. पण याला घोड्याचे पुनर्वसनही म्हणू नये. ती दुसरी नोकरी आहे, पहिलीपेक्षा कष्टाची. सीरमसाठी घोडे ठेवणाऱ्या केंद्रांच्या तपासण्यांत अशक्त, जखमी, रक्तक्षय झालेले घोडे आढळले आहेत. जो प्राणी आधी करमणुकीसाठी पळाला आणि मग औषधासाठी रक्त देत राहिला, त्याला शेवटी सावली आणि चारा मिळणे हा उपकार कसा म्हणायचा?

कायद्याचा अनुभवही तपासायला हवा. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्यांची हौशी सफर बेकायदा ठरवली आणि त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली. निकाल योग्य होता. डांबरी रस्त्यावर, नीट तबेला नसताना, घोडे फार हाल सोसत होते. गाडीवाल्यांच्या पुनर्वसनासाठी सरकारला योजना करावी लागली, तेही योग्यच. घोड्यांसाठी धावाधाव केली ती प्राणिमित्र संस्थांनी. बैलगाडा शर्यतीचेही तसेच. ७ मे २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना तात्पुरती परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरला. इतक्या वर्षांच्या वादात शर्यत हवी की नको यावर दोन्ही बाजूंनी घसा कोरडा केला. थकलेला बैल कुणी पोसायचा, यावर कुणाचाच घसा बसला नाही.

बाहेरच्या जगात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या बाबतीत हा धडा उशिरा का होईना शिकला गेला. मकाऊतले कॅनिड्रोम हे शर्यतीचे मैदान जुलै २०१८मध्ये बंद झाले, तेव्हा कंपनीने पाचशेहून अधिक कुत्री तशीच मागे ठेवली. स्थानिक प्राणिसंस्थेने जगभर घरे शोधून ती देशोदेशी पाठवली. अमेरिकेतल्या फ्लोरिडात त्याच वर्षी मतदारांनी शर्यती थांबवायचे ठरवले, पण मैदाने बंद व्हायला २०२०च्या अखेरपर्यंत वेळ दिला. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४मध्ये बंदी जाहीर करताना २० महिन्यांची मुदत सांगितली, आणि कारणही उघड सांगितले : सुमारे २,९०० कुत्र्यांना घरे शोधायला तेवढा वेळ लागेल. आधी जनावरे मोजली, मग तारीख ठरवली. आपल्याकडे तारीख ठरते आणि जनावरे मोजायची राहतात.

भावनेच्या भरात मात्र एक गोष्ट विसरू नये. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये विकून टाकलेले घोडे डोरोथी ब्रुक या बाईंना १९३०च्या सुमारास कैरोच्या रस्त्यांवर ओझी ओढताना दिसले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसे जमवले आणि काही वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके झिजलेले होते, की त्यांना वेदनेशिवाय मरण देणे एवढेच उरले होते. उशिरा केलेल्या सुटकेत हाती काय राहते, ते या उदाहरणातून कळते.

डहाणूला जखमी प्राण्यांची सेवा नवी नाही. समुद्रातून वाहून येणाऱ्या जखमी कासवांसाठी इथे वनविभाग आणि स्थानिक संस्था मिळून शुश्रूषा केंद्र चालवतात, आणि ते देशभर नावाजले गेले आहे. पण कासव बरे झाले की समुद्रात सोडता येते. घोडा कुठे सोडणार? रोजचे गवत, खुराक, नालबंद, डॉक्टर हे पुढची पंधरा-वीस वर्षे चालू ठेवावे लागते. ‘सुटका’ या शब्दाचा फोटो छान येतो, खर्च नंतर येतो. दयाळू माणसे दोन घोडे घेतात, मग दहा, मग त्यांचाच चारा संपतो.

उद्या कुणी सुचवेल, की पालघर जिल्ह्यात मोकळे माळ आहेत, तिथेच निवृत्त घोड्यांचे आश्रयस्थान काढू. ही सूचना आल्यास तिला विरोध करावा. १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेल्या डहाणू तालुक्याने औष्णिक वीज केंद्र पाहिले, बुलेट ट्रेन आणि द्रुतगती मार्ग पाहिले, आता वाढवण बंदर येते आहे. मुंबईला नको झालेले किंवा मुंबईत न मावणारे सगळे इकडे लोटायची सवय जुनी आहे. मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर बागेसाठी आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे असा समझोता २०२४मध्ये झाला. निवृत्त घोड्यांची जागा शोधायची तर ती घोड्यांवर कमावणाऱ्यांच्या जमिनीत आणि स्टड फार्मांवर शोधावी. इकडून गवत जरूर न्यावे, पण या वेळी कापणाऱ्याला पुरा भाव देऊन.

पैसा नाही ही सबब टिकत नाही. रेसवरच्या पैजेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. पैजेच्या प्रत्येक शंभरावर सरकार चाळीस रुपये घेते, आणि ज्याच्या पाठीवर ही पैज लागते त्याच्यासाठी त्यातला एक रुपयाही वेगळा ठेवत नाही. महाराष्ट्र सरकारने दोन गोष्टी करायला हव्यात. घोड्याची नोंद शेवटच्या शर्यतीवर न थांबता मरेपर्यंत चालावी, आणि प्रत्येक विक्री तिच्यात लिहिली जावी, मग तो वरातीला गेला असो की सीरमच्या केंद्रात. आणि पैजेच्या करातला व मालकाच्या बक्षिसातला ठरावीक हिस्सा निवृत्तीच्या निधीत पडावा. सीरम कंपन्यांनीही रक्त घेणे थांबवल्यावर घोडा विकू नये, पोसावा. हे करायला नवा शोध लागत नाही, नवा कायदाही फार मोठा लागत नाही. टर्फ क्लब, पशुसंवर्धन खाते आणि अर्थखाते यांनी एका टेबलाशी बसायचे आहे. पुढच्या अर्थसंकल्पाआधी ते बसावेत, यासाठी वाचकांनी आपापल्या आमदाराला विचारावे.